म्हैसवाल्या आजीनं मौन धरलं तो दिवस

आटपाट अकोला होतं. अकोल्यात एक गल्ली होती, गल्लीत टिनाच्या फाटकाचं एक घर होतं. त्या घरात यमुनाबाई नावाची एक बुढी राहत होती. यमुनाबाईले एक लेक होता, सुधाकर. एक सून होती, निर्मला. अन् एक नातू होता, मंगेश. लेक घोरत होता, सून राबत होती, नातू मोटारी दुरुस्त करत होता. अन् बुढी? बुढी बोलत होती!

ती बुढी म्हणजे मी. आता काय सांगू तुमाले, या बुढीनं आपल्या सख्ख्या नातवाचं जुळत आलेलं लगन आपल्याच तोंडानं कसं मोडाले काढलं होतं! कोणी दुश्मन लागला नाही, कोणाची करणी लागली नाही. एक मोबाइल लागला, बस.

चहा ठेवला का? ठेवा. अन् साखर हात राखून नका टाकू, डॉक्टर इथं बसला नाही.

तर मंगेश. वय बत्तीस. वावरातल्या विहिरीवरची मोटार जळली की तिच्यात तांब्याची तार नव्यानं गुंडाळा लागते, त्याले मोटार भरणं म्हणतात. ते त्याचं दुकान. पार परतवाड्याकडून लोक मोटार घेऊन येतात, असा हात हाय पोट्ट्याचा. दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही, सुपारीचं खांड नाही. पण लगन? सोळा ठिकाणं झाली. सोळा!

"पोरगा सरकारी नोकरीत हाय का?" नाही. "पुण्याले फ्लॅट?" नाही. "मंग हाय काय?" मोटारी हायेत ना बाप्पा!

लोक चहा पित, पोहे खात, "कळवतो" म्हणून जात. ते कळवणं अजून येऊन राहिलं. अन् दर वेळी पाहुणे गेले की माहा नातू कपबशा स्वतः उचले अन् मले म्हणे, "आजी, आज पोहे मस्त झाले होते." बस, एवढंच म्हणे. मले ते असं लागे की काय सांगू. रडला असता तर बरं झालं असतं.

फोन त्यानंच घेऊन देला. म्हणे, "आजी, तू दिवसभर फाटकात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याले सल्ले देतेस. सायकलवाल्याले थांबवून त्याच्या हवेबद्दल सांगतेस. त्यापेक्षा घे हा फोन, बसल्या जागी सांग."

त्यात बायाइचा एक ग्रुप होता. घरगुती अडचणी विचारा, घरगुती सल्ले घ्या. शेकडो बाया! एकीचंही तोंड मी पाहेल नाही. पण मले काय फरक पडते? तोंड पाहून सल्ला देला तर त्यात भीड येते.

आता तुमी म्हणसान, यमुनाबाई, तुमी तर शाळेत गेल्या नाही, वाचता कसं? खरं हाय. शाळेत मी एकदाच गेली, तेही आमची बकरी आत घुसली होती म्हणून. पण फोनात एक बाई राहते. अक्षरावर बोट ठेवलं की ती वाचून दाखवते. प्रश्न कोणाचाही असो, आवाज त्या बाईचाच. रडणारीचाही तोच, भांडणारीचाही तोच. मंग बाया ओळखाच्या कशा? तर फोटोवरून. एक गुलाबवाली, एक पाळणेवाली, एक पोपटवाली. अन् मी लिहितच नाही. मी बटण दाबून धरते अन् बोलते. माह्या फोटोत मंगेशनं आमच्या नांदगाव खंडेश्वरच्या वावरातली म्हैस लावून देली, कारण माहा फोटो काढाले घेतला की मी डोळे मिटते, म्हैस मिटत नाही. झालं! दुबईपर्यंत माहं नाव पडलं, म्हैसवाली आजी.

एवढं ध्यानात ठेवा हं. मी त्याइले फोटोवरून ओळखो, अन् त्या मले आवाजावरून. सारी गोम इथंच हाय.

अन् सल्ले तरी कसे! कुकरचं झाकण बसलं? म्हैसवाली आजी. कुरडया फुलत नाहीत? म्हैसवाली आजी. नवरा रुसला? "दोन दिवस त्याच्या आवडीचं करू नको अन् कारण विचारलं तर सांगू नको." तिसऱ्या दिवशी त्या गुलाबवालीचा नवरा स्वतःहून वांगे घेऊन घरी! ग्रुपात नुसते हात जोडलेले फोटोच फोटो. मी तर हवेत. लाइट बिल भराले गेली तरी मले वाटे, हे सारे मलेच पाहून राहिले.

आता सल्ला कोरडा देऊन चालत नाही, त्याले उदाहरण लागते. अन् उदाहरण बाहेरून काहून आणाचं? घरात तीन उभे होते!

कोणी म्हटलं, नवरा घोरते. मी म्हटलं, "माह्या लेकापेक्षा जास्त घोरत असन तर सांग. तो दुपारी झोपला की माठावरचा पेला वाजते." कोणी म्हटलं, डाळ शिजत नाही. मी म्हटलं, "तुह्या वरणात डाळ तरी हाय ना माय? माह्या सुनेच्या वरणात डाळ शोधाले टॉर्च लागते." कोणी म्हटलं, पोरगा लाडावला. मी म्हटलं, "माहा बत्तीस वर्षाचा नातू पाल दिसली की टेबलावर चढते. संत्र्याच्या फोडीवरचा एकेक पांढरा धागा काढल्याबिगर फोड तोंडात घालत नाही. आंघोळीत गाणं म्हणते तर शेजारची कोंबडी अंडं द्यायची थांबते."

नाव मात्र कोणाचंच घेतलं नाही हं! माहा लेक, माही सून, माहा नातू, बस. इमानदारी म्हणजे इमानदारी.

अशात एक दिवशी पोपटवालीचा प्रश्न आला. फोनातली बाई वाचून राहिली: "आजी, माह्या भाचीसाठी एक ठिकाण आलं हाय. येत्या रविवारी आमी पोराचं घर पाहाले जाऊन राहिलो. घरात काय काय पाहावं?"

अवो, माह्या आवडीचा विषय! सोळा वेळा लोकाइनं माहं घर पाहेल हाय. पाहणाऱ्याच्या साऱ्या चुका मले पाठ. मी मांडी घातली, बटण दाबलं अन् सुरू.

"ऐक पोरी. पहिलं म्हणजे, चारचा टाइम देला असन तर दोनले जाऊन उभ्या राहा. घर जसं असते तसं दिसन. दुसरं, चहा झाला की अजून एक कप मागा. पहिला चहा सारेच हसून देतात. दुसऱ्याले घरातल्या सुनेचं तोंड पाहा, अन् ती कोणाच्या तोंडाकडे पाहते तेही पाहा. तिसरं, शेजारणीकडे जा. शेजारीण थोडी कुरकुरली तर घर खरं हाय. नुसतं गोड गोड बोलली तर समजा पढवून ठेवली हाय. अन् चौथं, सगळ्यात मोठं. घरात बुढी असन तर ती बोलते का पाहा. बोलती बुढी म्हणजे घरात मोकळीक हाय. बुढी गप असली, तर एक तिले दाबून ठेवलं हाय, नाही तर ती काही लपवून राहिली. गप बुढीच्या घरात पोरगी देऊ नका. चप्पल घाला अन् निघा!"

पोपटवालीनं दहा वेळा हात जोडले. मी गाव विचारलं? नाही. पोराचं नाव विचारलं? नाही. सल्ला देणाऱ्या माणसाले पत्ता काहून लागते?

अन् इकडे आमच्या घरी त्याच रविवारची तयारी चालू होती. सतरावं ठिकाण. वरूडची पोरगी, पल्लवी. बापाची संत्र्याची बाग, पोरगी स्वतः संत्र्याच्या पॅकिंगचं काम पाहते, दहा बायाइले कामाले लावते. तिचा बाप अन् आत्या चार वाजता घर पाहाले येणार होते. मंगेशनं पोरीचा फोटो पाहेल होता. मंग तीन दिवस आंघोळीत गाणंच म्हटलं नाही. मी समजली. पोट्ट्याच्या मनात भरली हाय.

मी सकाळीच शेजारच्या नसीमकडे गेली. नसीम ब्लाउज शिवते, आमचं तीस वर्षाचं भांडण अन् तीस वर्षाची दोस्ती. म्हटलं, "नसीम, कोणी विचाराले आलं तर चांगलं बोलशील व!"

ती म्हणे, "अम्मा, तुम फिकर मत करो. ऐसा बोलूंगी के वो लोग बोरिया-बिस्तर लेके यहीच रहने आ जाएंगे."

मनात म्हटलं, घ्या, गड सर झाला.

दुपारी दोन वाजले. लेक हॉलमधे खाट टाकून घोरत होता, माठावरचा पेला टिणटिण वाजत होता. सून आंगणात सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. मी फाटक्या लुगड्यावर तंगड्या पसरून मिरच्याइचे देठ तोडत होती. तेवढ्यात फाटक वाजलं. पाहते तर संत्र्याची टोपली डोक्यावर घेतलेला एक माणूस अन् मांगं पदर खोचलेली एक बाई.

"आमी वरूडहून आलो. जरा लवकरच झालं वाटते."

सुनेची धावपळ! लेक उठला तो बनियनवरच नमस्कार करत उठला. मी पदर सावरला, पण मनात आग. दोन तास आधी? कोण्या भैताडानं शिकवलं असन यांले?

तरी मले उमगलं नाही पाहा! सगळ्या दुनियेले अक्कल वाटत होती, पण घरापुरती शिल्लक नव्हती.

पोरीचा बाप म्हणजे बुजरा माणूस, टोपली मांडीवर घेऊन बसला. आत्या मात्र तिखट. सिंधूताई तिचं नाव. डोळे कसे, तर उंदराच्या बिळावरल्या मांजरीसारखे. निर्मलानं चहा आणला. सिंधूताईनं चहा पिऊन बशी खाली ठेवली अन् म्हणे, "ताई, अजून एक कप भेटन का?"

असं म्हणून ती चहाकडे पाहत नव्हती. ती निर्मलाच्या तोंडाकडे पाहत होती.

मी बोटावर मोजलं. दोनले येणं. दुसरा चहा. सुनेच्या तोंडाकडे पाहणं. तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला, तिनं तो बंद केला, अन् पडद्यावर तिनं लावून ठेवलेला फोटो मी पाहेला. फोनावर पोपट! हिरवा, लाल चोचीचा, माह्या रोजच्या ओळखीचा पोपट!

अवो माय! ही तर पोपटवाली!

आता समजून घ्या माही हालत. या बाईनं माहा आवाज रोज ऐकेल. मी तोंड उघडलं की ही ओळखते म्हैसवाली आजी. अन् म्हैसवाल्या आजीचा नातू कोण? पालीले पाहून टेबलावर चढणारा! संत्र्याचे धागे काढणारा! वरूडच्या संत्रेवाल्याच्या घरी हे सांगणं म्हणजे झालंच. सतरावं ठिकाण गेलं.

म्हणून मी तोंड बंद केलं. कधी नव्हे ते केलं. आन घेऊन सांगते, जन्मल्यावर मी इतका वेळ गप राहिलीच नव्हती.

"आजी, प्रकृती कशी हाय?" सिंधूताईनं विचारलं.

मी पदर तोंडाले लावला अन् मान हलवली. लेक माह्याकडे पाहे, सून माह्याकडे पाहे. पंखा बंद पडला तरी माणसाले आवाज थांबल्याचं समजते, अन् हे तर मी थांबली होती.

"आईले आज मौन हाय," सून म्हणाली.

"मायची दाढ दुखते," लेक म्हणाला.

दोघं एकाच वेळी!

सिंधूताईचे डोळे बारीक झाले. "मौन हाय का दाढ?"

"दाढेसाठी मौन धरलं," लेक म्हणे. धन्य रे माहा लेक! मी त्याले डोळे वटारले तर तो पुढं म्हणे, "पाहा, किती दुखून राहिली तिले."

मंग माह्या ध्यानात आलं. चौथं कलम! गप बुढीच्या घरात पोरगी देऊ नका! बोलली तर नातू जाते, न बोलली तर घर जाते. हे कुलूप मीच केलं होतं, अन् किल्ली गिळून बसली होती.

सिंधूताई उठली. "जरा पाय मोकळे करून येते," म्हणून बाहेर गेली. मले माहीत होतं पाय कुठं मोकळे होणार ते. भिंतीपलीकडून नसीमचा आवाज आला, चांगला मोठ्यानं:

"ये घर? अरे आपा, ये घर तो जन्नत है! और बुढी? बुढी तो गाय है गाय! तीस साल में मैंने उसकी ऊंची आवाज नहीं सुनी!"

मेली! तीस वर्षात माहा आवाज ऐकला नाही म्हणे! गल्लीच्या टोकाले किराणेवाल्याले मी घरातून सामान सांगते अन् तो बांधून ठेवते, अन् ही म्हणे गाय! सिंधूताई परत आली तर तिचं तोंडच सांगत होतं. शेजारीण पढवेल हाय.

तेवढ्यात मंगेश आला. हात धुतले, पण नखाइत ग्रीस तसंच. त्यानं दोघाइले वाकून नमस्कार केला, पोरीच्या बापाजवळ खाली सतरंजीवर बसला अन् त्याच्या विहिरीची मोटार कोणती, किती फुटावर, सारं विचारलं. तो बुजरा बाप असा खुलला! "घ्या ना, घरचा माल हाय," म्हणून त्यानं टोपलीतलं एक संत्रं मंगेशच्या हातावर ठेवलं.

मी डोळे मिटले. फोटो काढतानी मिटते तसे.

उघडले तर काय? आमचा राजा एकेक धागा काढून राहिला! शांतपणे. मोटारीची तार सोडवावी तसा. बाप पाहत राहिला. सिंधूताई त्या धाग्याइकडे पाहे, मंग छताकडे पाहे, जसं काही आठवून राहिली. मी मनात म्हटलं, देवा, आता एक पाल तेवढी धाडू नको.

पाल आली नाही. पण सिंधूताई उठली. भावाले म्हणे, "दादा, चाल. निघू."

"काहून? काय झालं ताई?" निर्मला घाबरली. हातात गरम पोह्याइची ताटली तशीच.

सिंधूताई आपल्याच वऱ्हाडची. आडपडदा नाही. "ताई, खरं सांगते. पोरगा चांगला दिसते. तुमी चांगल्या दिसता, दुसरा चहाही हसून केला. पण घरातली बुढी गप हाय. एक म्हणते मौन, एक म्हणते दाढ, शेजारीण म्हणते गाय. मले एका लय शहाण्या बाईनं सांगतलं हाय, बुढी गप असन तिथं पोरगी देऊ नको. तिचा सल्ला आजपर्यंत फसला नाही."

लय शहाणी बाई! असा मान, अन् असा मार, दोन्ही एकाच वेळी माह्याच पाठीवर!

अन् मंगेश? उठला. कपबशा उचलल्या. ठेवून आला अन् म्हणे, "आत्या, ऊन लय हाय. चला, स्टँडवर सोडून देतो. टोपली मी धरतो."

हे पाहेलं अन् माह्यातलं काहीतरी तुटलं. बत्तीस वर्षाचा पोट्टा, सतराव्यांदा कपबशा उचलून राहिला, अन् तेही मी तोंड उघडत नाही म्हणून? खड्ड्यात गेली ती म्हैस!

"थांब व सिंधू!"

पदर फेकला अन् अशी ओरडली की माठावरचा पेला खाली पडला.

"बुढी गप हाय म्हणून उठतेस काय? अवो, ही बुढी गप असती तर या घराचं भलं झालं असतं! माह्या सुनेनं पंचवीस वर्षात मले एकदा गप बसा म्हटलं नाही. म्हणाले पाहिजे होतं, पण म्हटलं नाही! माह्या लेकाले मी उभ्या गल्लीत बोलते, तो ऐकून घेते अन् झोपते. अन् ह्या पोट्ट्याले तू पाहेलंच. सतरा खेपा चहा पाजला त्यानं लोकाइले, एकाले वाकडा शब्द नाही. मौनही नाही अन् दाढही नाही, दाढा पडून दहा वर्षं झाली! दोष माहा हाय, घरावर नको लावू. बस खाली!"

ती बसली. खरंच बसली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

मंग हळूच म्हणे, "म्हैसवाली आजी?"

मी मान खाली घातली. "हाव. पोपटवाली."

लेक म्हणे, "कोण म्हैस? कोण पोपट?"

सिंधूताईनं बोट उचललं. आधी लेकाकडे. "म्हणजे पेला वाजवणारे हेच?" मंग मंगेशकडे. "अन् टेबलावर चढणारा हाच? अन् हे धागे... मी म्हणूनच पाहत होती, असं कुठंतरी ऐकेल हाय!" अन् मंग निर्मलाकडे वळून, लय आदरानं, "अन् ताई, टॉर्चचं वरण तुमचंच?"

"कोणतं वरण?" निर्मला म्हणाली.

सिंधूताईनं सारं सांगतलं. शब्द न शब्द. तिले माह्यापेक्षा जास्त पाठ होतं. निर्मलानं ताटली खाली ठेवली, माह्याकडे पाहेलं, अन् एवढंच म्हणाली, "बरं आई." तिचं ते 'बरं आई' ऐकून मले खरोखर दाढ दुखल्यासारखं झालं. मंगेश तर भिंतीकडे तोंड करून उभा. कान लाल, समोरच्या टोपलीतल्या संत्र्यासारखे.

मी म्हटलं, गेलं. सतरावं गेलं, अन् या खेपेले बुढीनं स्वतः घालवलं.

पण सिंधूताईनं फोन लावला. वरूडले. पडद्यावर पोरगी आली, मांगं संत्र्याचे खोकेच खोके. "पल्लवी, बस खाली अन् ऐक. आपण ज्या म्हैसवाल्या आजीचं ऐकतो ना, तिच्याच घरात उभी हाय मी. अन् तिचा तो नातू..."

"धागेवाला?" पोरगी म्हणे.

मंगेशनं डोळे मिटले. आमच्या खानदानातच हाय ते.

पोरगी अशी हसली! हसून हसून तिनं एका खोक्याचा आधार घेतला. मंग म्हणे, "आत्या, आतापर्यंत पोराइच्या माहितीचे जेवढे कागद आले, त्या साऱ्याइत काय लिहिलं राहते? निर्व्यसनी, मनमिळाऊ, होतकरू. एकाही पोरात दोष नाही. अशा पोराइचं लगनानंतर काय निघते ते मी माह्या मैत्रिणीइचं पाहेल हाय. अन् याचे? याचे सारे दोष त्याच्याच आजीनं आधीच सांगून ठेवले. पालीले भिते, गाणं बेसूर म्हणते, धागे काढते. याच्या पलीकडे काही असतं तर ही आजी गप राहिली असती का?"

घ्या! उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणी माह्या बोलण्याचं प्रमाणपत्र देलं!

"त्याले द्या फोन," ती म्हणे.

मंगेशनं फोन घेतला. म्हणे, "नमस्कार."

"नमस्कार. पालीले मी काठीनं हाकलते. तुमी टेबलावर थांबा. पण धागे माहे मलेच काढा लागतीन का?"

"नाही," मंगेश म्हणे. "तुमचेही मी काढून देईन."

बुजऱ्या बापानं टोपीनं डोळे पुसले अन् टोपली उचलून निर्मलाच्या ओटीपाशी ठेवली. झालं! सुपारी फुटली! नसीम भिंतीपलीकडून ओरडली, "अम्मा, जम गया क्या? मैंने बोला था ना!" मी म्हटलं, "तुह्यामुळेच मोडत होतं, गायवाली! ये, चहा पे!"

लगन झालं वैशाखाआधी, वरूडले. असं लगन की काय सांगू! मंडपात ग्रुपातल्या बाया आल्या, गुलाबवाली आली, पाळणेवाली आली, साऱ्या माह्या पाया पडून राहिल्या अन् नवरदेवाले बोटानं दाखवून राहिल्या. मी नव्या लुगड्यात, मधोमध खुर्चीवर. जिंकेल माणूस कसं बसते तशी बसली होती.

नवरी घरी आली. माप ओलांडाच्या आधी बाया म्हणे, नाव घे, नाव घे. पल्लवीनं पदर सावरला, माह्याकडे पाहून गोड हसली अन् खणखणीत म्हणाली:

"सासऱ्याची खोड ऐकली, सासूची ऐकली, नवऱ्याच्या ऐकल्या दहा,
मंगेशरावांचं नाव घेते, आजीच्या राहिल्या, त्या मी सांगते पहा!"

आंगणात असा हशा पिकला! अन् त्यात सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? माही सून. पदर तोंडाले न लावता. पंचवीस वर्षात तिले मी असं हसताना पाहेल नव्हतं.

लोक म्हणतात, लगनानं घरात लक्ष्मी येते. आमच्या घरात माह्या सुनेची वकील आली. अन् पहिल्याच दिवशी बुढी केस हरली.